बिस्किटांचे पंधराशे

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, बाजारातला मोठा काटा डोळ्यांपुढे आणू नका. मी ओट्यावर मावणारा, पांढऱ्या पत्र्याचा, घड्याळासारख्या तोंडाचा स्वयंपाकघरातला काटा आहे. माझ्या डोक्यावर एक वाडगा असतो. त्यात काही ठेवलं की माझी सुई फिरते आणि वजन सांगते. एवढंच माझं काम. वाडग्यात काय आहे, हे सुईला सांगता येत नाही. शंभर ग्रॅम साखर आणि शंभर ग्रॅम खिळे, सुई दोन्हींना एकाच जागी उभी राहते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी सगळी गोष्ट या एका उणिवेपाशी येऊन अडली.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात पोलादी स्प्रिंग बसली, तोंडावर काच बसली आणि पाठीवर एक बारीक स्क्रू. तो स्क्रू फिरवला की सुई शून्यावर येते. शेवटच्या टेबलाशी जाड चष्म्याची एक बाई बसायची. ती प्रत्येक काट्याची सुई शून्यावर आणायची आणि त्याला पुढे सरकवताना म्हणायची, "जा. खोटं बोलू नकोस." दिवसभर तेच काम, तरी तिने एकालाही हे सांगायचं सोडलं नाही. मला वाटलं, आयुष्यात एवढं एक पाळलं की झालं.

दुकानाच्या फळीवरून मला एका सुताराच्या बायकोने उचललं. तो दारं, खिडक्या, खुर्च्या बनवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे, घरातलेसुद्धा. मला पाहून तो म्हणाला, "घरात माप घ्यायला एक मिस्त्री पुरत नव्हता का?"

"तुम्ही लांबी मोजता," ती म्हणाली. "मुरंबा काय फुटपट्टीने करू?"

तर मी मुरंब्यासाठी आलो. फळं, साखर, कधी विणायची लोकर, कधी टपालाने पाठवायचं पुडकं. माझा वाडगा तेव्हा पांढऱ्या चिनी मातीचा होता. मिस्त्रीची लेक लहान होती. तिने एकदा त्यात मांजराचं पिल्लू बसवलं. सुई एका जागी ठरेना. पिल्लू श्वास घ्यायचं, तशी ती हलायची. आई लेकीला रागे भरली, तिने वाडगा दोनदा घासला, पण मला ते वजन फार आवडलं होतं.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मुरंबा खाणारं कोणी उरलं नाही. मी बरीच वर्षं खिडकीपाशी वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेला होतो. ते कामही वाईट नव्हतं. खिडकीतून समोरचं इस्त्रीचं दुकान दिसायचं.

मग मिस्त्रीचं पोट सुटलं. बायको म्हणायची, "आधी पोट घरात येतं, मागून तुम्ही."

"दार मीच केलंय. मापाचं आहे," तो म्हणायचा.

पण गुडघे दुखायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, दिवसाला पंधराशे कॅलरी, त्यापुढे नको. अन्नातून अंगाला जी ताकद मिळते, ती मोजायचं माप म्हणजे कॅलरी. त्या दिवशी तिने मला कागदांवरून उचललं, ओल्या फडक्याने पुसलं आणि ओट्यावर ठेवलं. माझे सगळ्यांत चांगले दिवस तिथून सुरू झाले.

तिची एक पद्धत होती. मिस्त्री बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसायचा आणि ती माझ्याशी हळू आवाजात बोलत ताट लावायची. आधी ती डाळ घ्यायची, नाहीतर अंडी, मासा, दही. ते पुरेसं झालं की मग भाजी. मग उरलेल्या आकड्यात बसेल तेवढाच पाव किंवा भात, आणि शेवटी चमचाभर तेल नाहीतर चार शेंगदाणे. "आधी बांधणी, मग जळण," असं ती पुटपुटायची. सुताराचीच बायको ती. अंग बांधणारं काय आणि अंगात जळून जाणारं काय, एवढं तिने डॉक्टरांना दोनदा विचारून पक्कं करून घेतलं होतं. पाव कमी पडला म्हणून ती कधी हळहळली नाही. डाळ कमी पडली, तर मात्र दुसरं पातेलं चढायचं.

हे सगळं माझ्याशी, हळू आवाजात. बाहेर मिस्त्रीला ऐकू जायचा तो शेवटचा आकडा. रात्रीचं ताट झालं की ती मोठ्याने म्हणायची, "झाले हो पंधराशे. आता पाण्यावर."

"हुकूम," बाहेरच्या खोलीतून मिस्त्रीचं उत्तर यायचं.

वर्षभरात त्याचं पोट उतरलं. इस्त्रीवाला कौतुक करायला लागला. शेजारणी मला बघायला आल्या. एकीने मला हातात घेऊन उलटसुलट केलं आणि विचारलं, "याच्यामुळे उतरलं वजन?" मिस्त्रीची बायको हसून म्हणाली, "हो, सगळं यानेच केलं." मित्रांनो, मी खोटं बोलत नाही, पण त्या दिवशी मी गप्प बसलो.

मग ती आजारी पडली. काही महिने घरात दुसरीच माणसं ये-जा करत होती, ओट्यावर औषधाच्या बाटल्या होत्या. दवाखान्यात जायच्या सकाळी तिने ओटा पुसला, माझा वाडगा पुसला, आणि सुई जराशी सरकलेली दिसली म्हणून पाठीचा स्क्रू फिरवून शून्यावर आणली. त्यानंतर ती घरी आली नाही.

लेक थोडे दिवस राहिली आणि गेली. तिचीही नोकरी होती, घर होतं. जाताना तिने विचारलं, "बाबा, जेवणाचं काय करणार?"

"तुझ्या आईने शिकवलंय," मिस्त्री म्हणाला. "पंधराशे."

आता त्याची चूक कशी झाली ते ऐका. त्याला आकडा ठाऊक होता, पद्धत ठाऊक नव्हती. स्वयंपाक त्याला येत नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याने एक अंडं हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. अंड्यावर काही छापलेलं नसतं. डाळीच्या डब्यावरही नसतं. बिस्किटांच्या पुड्यावर मात्र सगळं छापलेलं असतं, शंभर ग्रॅमला इतक्या कॅलरी. पावाच्या पिशवीवर असतं, जॅमच्या बरणीवर असतं. मिस्त्रीला मापाच्या वस्तू आवडायच्या. त्याने अंडं जागेवर ठेवलं आणि पुडा फोडला.

तेव्हापासून माझ्या वाडग्यात बिस्किटं पडायला लागली. सकाळी चहा आणि बिस्किटं, दुपारी पाव आणि जॅम, संध्याकाळी परत बिस्किटं. कानावरची सुतारी पेन्सिल काढून तो पुड्यावरच हिशोब करायचा. एखादं बिस्किट जास्त झालं, तर अर्धं मोडून परत ठेवायचा. रंधा मारताना लाकडाचं सालपट जितकं बारीक निघावं तितकं त्याचं माप बारीक. एक कमी नाही, एक जास्त नाही. मग ओट्याशी उभ्यानेच खायचा. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, त्यानेच केलेल्या. दोन्ही आत सरकवलेल्या असायच्या. खाणं झालं की तो रिकाम्या स्वयंपाकघराला सांगायचा, "झाले पंधराशे. आता पाण्यावर."

हुकूम म्हणायला कोणी नव्हतं.

मित्रांनो, मला त्याचं वाटणं कळत होतं. ती गेली, पण तिचा आकडा घरात होता. तो पाळला की दिवस तिच्या म्हणण्याप्रमाणे गेला, असं त्याला वाटायचं. आणि मी काय करत होतो? सुई फिरवत होतो. बिस्किटांचं वजन बरोबर सांगत होतो. आत बांधणीचं काहीच नाही, हे सांगायला माझ्या तोंडावर जागा नव्हती. नुसत्या आकड्यांचं तोंड माझं.

हळूहळू त्याच्या दंडाचं मांस उतरलं. विजार पट्ट्यात चुण्या पडून राहायला लागली. एकदा खिडकीतून इस्त्रीवाल्याने हाक मारली, "मिस्त्री, बारीक झालात. नवरदेव व्हायचा विचार आहे की काय?" बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो इस्त्री उचलून उगाच कोळसे बघत बसला. मिस्त्री म्हणाला, "वजन उतरवायला डॉक्टरांनीच सांगितलंय," आणि त्याने खिडकी लावून घेतली.

खिडकी लावतानाही त्याला दोन्ही हात लागले. ती खिडकी त्यानेच केलेली, बोटाने ढकलली की लागणारी.

मग एका सकाळी माझा वाडगा त्याच्या हातातून निसटला. ओला नव्हता, जड नव्हता. बोटांनी धरलाच नाही. फरशीवर चिनी मातीचे तुकडे झाले. तो खाली बसून ते गोळा करत राहिला आणि मग किती तरी वेळ त्याला उठता येईना. ओट्याची कड धरून, गुडघ्यावर हात रोवून, शेवटी उठला. त्याने फळीवरचा एक जाड काचेचा वाडगा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तो जुन्यापेक्षा जड होता. माझी सुई शून्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. वाडग्यात काही नाही, आणि मी काहीतरी आहे म्हणून सांगतोय.

त्याला ते दिसलं. मिस्त्रीच्या नजरेतून रेघेचा फरक सुटत नाही. त्याने मला फिरवलं, पाठीचा स्क्रू पाहिला, बोट जवळ नेलं. मग बोट मागे घेतलं. तो स्क्रू शेवटचा तिने फिरवला होता. त्याने मला तसंच ठेवलं. त्या दिवसापासून मी रोज खोटं बोलत होतो आणि तो वाडग्याचं जादा वजनही खाण्यात धरून रोज थोडं कमीच जेवत होता.

लेक सुट्टीत आली. दारात बापाला पाहून तिने पिशवी खाली ठेवली, ती उचलायचं विसरली.

"बाबा, जेवता ना?"

"पंधराशे. विचार याला," त्याने माझ्याकडे बोट केलं.

तिने फडताळ उघडलं. बिस्किटांचे पुडे विटांसारखे रचलेले होते, सुताराला शोभतील असे, एका रेषेत. तिने फडताळ लावलं. दुपारी ती दवाखान्यातून नर्सबाईंना घेऊन आली. नर्सबाई अंगाने मजबूत, बोलायला मोकळ्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, दंडाभोवती फीत लावली, आणि टेबलाजवळची एक खुर्ची ओढून म्हणाल्या, "काका, बसा. आता हात छातीशी घडी घालून उठून दाखवा."

"एवढंच?" तो म्हणाला. "ही खुर्ची माझ्या हातची आहे."

"मग ती तुम्हाला फसवायची नाही. उठा."

त्याने हातांची घडी घातली. अंग पुढे झुकवलं. पाय थरथरले. तो उठलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला. घर इतकं शांत होतं की खुर्चीचा सांधा करकरलेला मला ऐकू आला. "करकरायला नको होता," मिस्त्री म्हणाला. सांध्यात काही दोष नव्हता.

लेकीने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "पुरे झालं. बाबा, तुम्ही माझ्याकडे चला. घराला कुलूप लावू."

त्याने ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. "मी इथून हलणार नाही," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "तिच्या म्हणण्याप्रमाणे चाललंय माझं. काय चुकलं ते दाखव."

"काही नाही चुकलं," नर्सबाई म्हणाल्या. "आकडा बरोबर आहे. पण किती ते मोजलंत, काय ते मोजलं नाहीत. बरं, तो आकडासुद्धा तेव्हाच्या पोटाचा. आता पोट आहे कुठे?"

"कॅलरी म्हणजे कॅलरी."

"अस्सं. मग मला सांगा, एक फळी आणि तेवढ्याच वजनाचा भुसा. शेकोटीत टाकले तर दोन्ही जळतील. खुर्ची कशाची कराल?"

मिस्त्रीने खुर्चीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग अगदी हळू म्हणाला, "भुशाची खुर्ची होत नाही."

"तुम्ही अंगाला भुसा घालताय. अंगाला बांधायला प्रोटीन लागतं, म्हणजे डाळ, अंडी, दूध, मासे. ते नसलं की अंग स्वतःचंच लाकूड काढून जाळतं. आधी पाय जातात."

"पण आकडा तिचा आहे," तो म्हणाला. "मी तो मोडणार नाही."

नर्सबाई फीत गुंडाळायला लागल्या. बोलली ती लेक. ती ओट्यापाशी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती, लहानपणी उभी राहायची तिथेच.

"बाबा, आईच्या पंधराशेत काय असायचं, आठवतं?"

तो आठवत राहिला. इतकी ताटं तो जेवला होता, पण रेडिओच्या बातम्या त्याला आठवल्या, ताट आठवेना.

"मी माहेरपणाला आले की तिच्याजवळ उभी असायचे," लेक म्हणाली. "ती आधी डाळ मोजायची. मग अंडं, नाहीतर दही. पाव सगळ्यांत शेवटी, उरला आकडा तर. ती याला सांगायची, आधी बांधणी, मग जळण. तुम्हाला ओरडून सांगायची तो फक्त हिशोबाचा शेवट, बाबा. आकडा तिचा नव्हता. आकडा डॉक्टरांचा होता. डाळ तिची होती."

मित्रांनो, वर्षभर जे मला सांगायचं होतं, ते तिने सांगितलं. मिस्त्री टेबल धरून उठला, आत सरकवलेली दुसरी खुर्ची त्याने बाहेर ओढली आणि तिच्यावर बसला.  कोणी त्याला उठवलं नाही.

शेवटी ठरलं ते असं. नर्सबाई काही आठवड्यांनी परत येणार. तोवर तो हात न लावता खुर्चीतून उठला, तर इथेच राहायचं. नाही उठला, तर मुकाट्याने लेकीकडे. जाताना नर्सबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हा काटा चालतो का नीट? रिकामा असून सुई पुढे आहे."

"मला माहीत आहे," मिस्त्री म्हणाला. "वाडग्याचं वजन मी मनात वजा करेन." स्क्रूला त्याने तरीही हात लावला नाही.

त्यानंतर स्वयंपाकघरात जे झालं, ते पाहून मिस्त्रीची बायको हसली असती. पहिली डाळ करपली. दुसरी इतकी पातळ झाली की तिच्यात चमचा बुडाला तर शोधावा लागावा. अंडी फुटली. लेक फोनवरून सांगायची आणि तो पातेल्याशी फोन धरून म्हणायचा, "ऐक, आता कसा आवाज येतोय?" पण सुतार एकदा माप चुकतो, दोनदा नाही. नर्सबाईंनी सांगितलेल्या वजनाला सुई कुठे येते ते पाहून त्याने माझ्या काचेभोवतीच्या पांढऱ्या पत्र्यावर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. ही डाळीची, ही दह्याची, ही माशाची. खुणेपर्यंत बांधणी आली की मगच पावाची पिशवी उघडायची. दिवसाचा आकडाही नर्सबाईंनी वाढवून दिला होता. पहिल्या दिवशी पंधराशेच्या पुढचा घास घेताना तो थांबला होता. मग म्हणाला, "डाळच आहे गं," आणि खाल्ला.

जेवायला तो आता खुर्चीवर बसायचा. जेवणाआधी टेबल धरून उठ-बस करायचा, आधी दोन हातांनी, मग एका हाताने, मग दोन बोटांनी. बिस्किटं अगदीच सुटली नाहीत. चहाबरोबर दोन, मला न विचारता.

नर्सबाई आल्या त्या दिवशी लेकही आली होती. मिस्त्रीने दाढी केली होती. तो खुर्चीवर बसला, हात छातीशी घेतले. क्षणभर काहीच झालं नाही. पाय थरथरले, पण या वेळी थरथरत ते उभे राहिले. तो पूर्ण उभा राहिला आणि तसाच राहिला, जणू पुन्हा बसायचं कसं ते विसरला होता.

"हं," नर्सबाई म्हणाल्या. "आणखी चार वेळा."

"बाई, तुम्ही सुतारकामाला का आला नाहीत?" तो म्हणाला, आणि बसला, आणि उठला.

लेक रडली, हसली, आणि तिने पिशवीतून एक कुलूप काढून दाखवलं नि परत आत ठेवलं. ते तिने येताना बरोबर आणलं होतं, हे तोवर कोणाला माहीत नव्हतं.

आता घरात तो आणि मी. खोटं कशाला सांगू, घर तेवढंच रिकामं आहे. डाळीने पायात बळ येतं, समोरच्या खुर्चीवर माणूस येत नाही. संध्याकाळी तो कधीकधी पहिल्यासारखाच बोलतो, "झालं गं." आणि थोडा थांबतो.

पण परवा त्याने खूप दिवसांनी हत्यारांची पेटी उघडली. लाकडाचा एक ठोकळा घेतला आणि दोन दिवस कोरत बसला. मधेच हात दुखला की बोटं उघडायचा, मिटायचा, पुन्हा पटाशी उचलायचा. त्यातून एक वाडगा झाला. हलका, गुळगुळीत, एका बाजूला जरा जाड. त्याने काचेचा वाडगा काढून तो माझ्या डोक्यावर ठेवला. या वेळी सुई शून्याच्या मागे गेली. त्याने मला फिरवलं. पाठीच्या स्क्रूवर बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. मग फिरवला. अगदी थोडा, तिने फिरवला असता तेवढाच.

मी शून्यावर आलो, आणि पेन्सिलीच्या खुणाही त्याने पुसून नव्याने केल्या. वाडगा रिकामा आहे आणि मीही रिकामा म्हणून सांगतो. कारखान्यातल्या त्या बाईचं म्हणणं परत पाळता आलं, याचं मला बरं वाटतं.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुम्ही माझ्यासारख्याला घेऊन आकडे मोजत बसू नका. तुम्ही पोटभर जेवा, नीट जेवा, खेळा. पण तुमच्या ओळखीत एकट्याने जेवणारं कोणी असेल, आजोबा, काकू, समोरचा इस्त्रीवाला, तर त्याला "जेवलात का?" एवढं विचारून पुढे जाऊ नका. ते हो म्हणतात. मिस्त्रीही हो म्हणायचा. "काय जेवलात?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. जमलं तर ती दुसरी खुर्ची ओढा आणि बसा. माझ्यासारख्या काट्याला किती ते कळतं. काय ते बघायला माणूस लागतो.